जुनी फोर बाय फोर घरी आली : पहिले सहा शनिवार-रविवार

जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी दारात उभी राहिली की हात शिवशिवायला लागतात. मोठे टायर, जाड लोखंडी बंपर, छतावर दिव्यांची रांग, ओढायचं विंच, गाडी दोन इंच वर उचलणारे स्प्रिंगचे पाटे. पहिल्या आठवड्यातच यादी तयार होते. नव्या मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिले सहा शनिवार-रविवार गाडीला काहीही नवं लावू नका. अशा गाडीवर वीस-तीस वर्षांत बऱ्याच जणांचे हात फिरलेले असतात. कुणी बरोबर तेल घातलेलं असतं, कुणी मिळेल ते घातलेलं असतं. कुणी बोल्ट नीट आवळलेला असतो, कुणी आटे गेलेला बोल्ट तसाच ठोकून बसवलेला असतो. ते सगळं आता तुमचं आहे, आणि ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

उघडून बघणं या गाड्यांत खरंच जमण्यासारखं असतं. १९४१ ची विलीज जीप रणांगणाजवळ दुरुस्त करता यावी अशी बनवली होती आणि १९४८ ची पहिली लँड रोव्हर शेतावर राबण्यासाठी. शिडीसारखी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, खाली माणूस सरपटत जाईल एवढी जागा, बॉनेट उघडल्यावर हात आत जाईल एवढी मोकळीक. पुढची कित्येक वर्षं निघालेल्या फोर बाय फोर गाड्यांनी हाच साचा ठेवला. नवशिक्याने यंत्र शिकायचं असेल तर याहून मोकळं यंत्र मिळणं कठीण.

कामाला लागण्याआधी एक शिस्त ठरवून घ्या. लागणारे पार्ट, ऑइल सील, गॅस्केट, तेल हातात आल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. आणि रविवारी दुपारनंतर नवा बोल्ट सोडायचा नाही. त्या वेळात फक्त जोडायचं, आवळायचं, तपासायचं. अर्धवट उघडलेली गाडी आठवडाभर उभी राहिली की सुट्या वस्तू हरवतात, उघड्या यंत्रात धूळ बसते, आणि कुठला वायसर कुठे होता हे शनिवारपर्यंत आठवत नाही.

गाडीखाली जाण्याआधी

जुन्या फोर बाय फोरबद्दलची एक गोष्ट नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी. साध्या कारचा हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना धरतो. विलीज जीप, जुन्या लँड रोव्हर आणि त्या वळणाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे असतो आणि तो प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे तिथून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याला, धरतो. शाफ्ट जागच्या जागी धरला तरी डिफरन्शियलमुळे (ॲक्सलमधल्या, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) मागचं एक चाक पुढे आणि दुसरं उलट फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना असं होत नाही. पण मागचं एक चाक जॅकवर उचललंत की ते हवेत मोकळं होतं, उलट फिरतं, आणि जमिनीवरचं चाक घरंगळायला लागतं. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना गाडी जॅकवरून खाली येऊ शकते. गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण गिअरसुद्धा त्याच शाफ्टमधून चाकांपर्यंत पोचतो.

म्हणून गाडी कुठलीही असो, हा क्रम सोडू नका. जमीन सपाट आणि टणक हवी. जी चाकं उचलणार नाही त्यांच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे भक्कम ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करा. जॅकने उचला आणि लगेच स्टँड लावा. अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या गाडीत स्टँड ॲक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या जवळ बसवा. जॅक हळूहळू सोडून वजन स्टँडवर येऊ द्या, मग गाडी बाजूने दोन-तीनदा जोरात हलवून बघा. डळमळली तर उतरवून पुन्हा लावा. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे काही घसरलंच तर गाडी त्या चाकावर येईल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, एक नट शोधायलासुद्धा नाही.

पाने घेताना गाडी कुठल्या मापाची आहे ते आधी बघा. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांत इंची माप असतं, जपानी गाड्यांत मिलिमीटर. जवळपासच्या मापाचा पाना लावला की बोल्टचं डोकं गोल होतं आणि पाच मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस जातो. रिंग पाने, सॉकेट, एक टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना), ग्रीस गन, तारेचा ब्रश, मल्टीमीटर आणि चांगला टॉर्च एवढ्यावर इथली जवळजवळ सगळी कामं होतात. आणि तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. टॉर्कचे आकडे आणि तेलाचे प्रकार त्यातलेच वापरायचे. ऐकीव आकड्यांवर जायचं नाही.

पहिला शनिवार-रविवार : धुवा आणि वाचा

गाडीचा खालचा भाग धुऊन काढा. चिखल आणि जुनं ग्रीस यांच्या थराखाली काय आहे ते कळल्याशिवाय पुढचं काहीही ठरवता येत नाही. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी, पुढून, मागून भरपूर फोटो काढा. हे फोटो पुढे जोडणीच्या वेळी फार उपयोगी पडतात.

मग रात्रभर गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग वाचा. प्रत्येक तेलाची ओळख वेगळी असते. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. इंजिन ऑइल काळपट, त्याला तसा वास नसतो. कूलंट पाण्यासारखं पातळ, बहुधा हिरवं किंवा लाल, वास गोडसर. ब्रेक ऑइल जवळजवळ रंगहीन किंवा पिवळसर असतं आणि चाकाच्या आतल्या बाजूने ओघळलेलं दिसतं. डाग ब्रेक ऑइलचा असेल तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. बाकीच्या गळतीची नोंद करा, घाबरू नका.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा तारीख-कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या फोर बाय फोर कमी फिरतात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक आणि रबर मात्र कडक होऊन तडकलेलं, असं हमखास दिसतं. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत ना, हेही बघा. याचं कारण पुढे ट्रान्सफर केसशी येणार आहे.

एक वही करा. किलोमीटर, तारीख, काय पाहिलं, काय बदललं. मागच्या मालकाने सांगितलेलं वेगळ्या पानावर लिहा आणि स्वतः तपासल्यावरच ते वहीत पक्कं करा.

दुसरा : थांबणं आणि वळणं

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. पाणी मिसळत गेलं की त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ४ प्रकारचं कोरडं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकलं पाहिजे असं मानक आहे. ओलावा शिरलेल्या अवस्थेत हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले, तेलात वाफ झाली, की पेडल मऊ पडून खाली जातं. त्याच ओलाव्याने ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. मागच्या मालकाने तेल कधी बदललं ते माहीत नसेल तर ते बदललेलं नाही असंच धरा. डॉट ३ की डॉट ४ ते मॅन्युअल सांगेल. सिलिकॉनवर आधारलेलं डॉट ५ यांच्यात मिसळायचं नाही.

काम दोघांचं आहे. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. चाकाजवळचे निप्पल (जुनं तेल सोडायच्या छोट्या तोट्या) गंजलेले असतील तर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. घाईत निप्पल मोडतो आणि मग अख्खा सिलिंडर बदलावा लागतो. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. पेडल दाबलं जाताना निप्पल उघडा, आणि पेडल सोडण्याआधी बंद करा. स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय तेल येईपर्यंत हेच. दर सात-आठ दाबांनंतर वरच्या डब्यात तेल भरा. तो रिकामा झाला तर हवा आत जाते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून लगेच पाण्याने धुवा.

यात जुन्या गाडीची एक खास खबरदारी आहे. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते अगदी तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरच्या रबरी सील जेवढ्या भागात फिरतात तेवढाच भाग गुळगुळीत राहतो. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरल्याने खरखरीत झालेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या भागावर घासतात आणि फाटतात. काल चांगले असलेले ब्रेक तेल बदलल्यावर बिघडले, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

ब्रेकचे ड्रम उघडलेत तर आतली काळी धूळ फुंकू नका, हवेच्या प्रेशरनेही उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने ओली करून पुसून काढा, मास्क लावा, फडकी पिशवीत बांधून टाका.

आता चाकं. पुढचं चाक उचलून, घड्याळात १२ आणि ६ असतात त्या जागी हात धरून पुढे-मागे ढकला. प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर तो चाकाच्या बेअरिंगचा असेल किंवा किंग पिनचा (चाक ज्याच्यावर वळतं त्या खिळीचा). ओळखायची युक्ती सोपी आहे: मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंटकडे बघा. मग ३ आणि ९ च्या जागी हात धरून हलवा. हा प्ले स्टिअरिंगच्या जोडण्यांचा.

गाडी चाकांवर उभी असताना मदतनिसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवायला सांगा आणि तुम्ही खालून प्रत्येक जोडावर बोट ठेवा. टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांडीच्या) टोकाचा प्ले डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतो. अखंड पुढच्या ॲक्सलच्या गाडीत एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरात थरथरू लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. ही थरथर दाबून टाकायला काही जण स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. मला ते पटत नाही. नवा डॅम्पर काही दिवस लक्षण झाकतो. सैल झालेला बुश (जोडातलं रबर), टाय रॉडचं टोक, किंग पिन किंवा बॅलन्स बिघडलेलं चाक तसंच राहतं.

तिसरा : गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल

साध्या कारपेक्षा इथे तेलाच्या जागा जास्त: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल, आणि काही गाड्यांत पुढच्या ॲक्सलच्या टोकांचे गोलाकार कप्पे. इंजिन ऑइल सगळे बदलतात. बाकीच्यांत दहा-दहा वर्षं कुणी डोकावत नाही.

क्रम असा ठेवा:

१. गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे तेल कोमट होऊन नीट उतरेल. मग सपाट जागी उभी करा.

२. आधी वरचं, भरायचं बूच उघडा. ते सुटलं की मगच खालचं, रिकामं करायचं बूच.

३. तेल भांड्यात घ्या आणि टाकण्याआधी ते वाचा.

४. खालचं बूच साफ करा, नवा वायसर लावून टॉर्कप्रमाणे आवळा.

५. वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरा. जादा वाहून जाऊ द्या, मग बूच लावा.

दुसऱ्या पायरीवर माझा एक रविवार गेला आहे. तेल सगळं काढून झालं होतं आणि भरायचं बूच गंजून एकजीव झालेलं होतं. पान्याने त्याची कडा गेली. गाडी स्टँडवर, डिफरन्शियल रिकामं, आणि ढकलत न्यायचीही सोय नाही. तेव्हापासून मी दोन दिवस आधीच सगळी वरची बुचं नुसती सैल करून पुन्हा लावून ठेवतो.

तेल काय सांगतं ते शिकण्यासारखं आहे. दुधाळ, करडं तेल म्हणजे पाणी शिरलंय. बुचावरच्या चुंबकाला चिकटलेली बारीक करडी पेस्ट ही वयाची खूण, काळजीचं कारण नाही. नखाने उचलता येईल असा कण, दाताचा तुकडा किंवा बेअरिंगचा पापुद्रा सापडला तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

तेल निवडताना गिअर ऑइलच्या जीएल-४ आणि जीएल-५ या प्रकारांतला फरक लक्षात घ्या. आकडा मोठा म्हणजे तेल चांगलं असा समज पसरलेला आहे. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. बहुतेक डिफरन्शियलच्या दातांना ती हवीच असतात. पण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) ती सोसत नाहीत, आणि जास्त निसरड्या तेलात त्या रिंगांची पकडही सुटते. म्हणून एकाच गाडीत गिअरबॉक्सला एक आणि डिफरन्शियलला दुसरं तेल लागू शकतं. काही गाड्यांचं मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी थेट इंजिन ऑइल सांगतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्याचं तेल वेगळं.

ब्रीदर तपासल्याशिवाय हा रविवार संपवू नका. प्रत्येक ॲक्सलवर हवा आत-बाहेर जाण्यासाठी छोटी नळी किंवा झडप असते. ती चिखलाने बुजली की गरम तेलावरची हवा कोंडते आणि सीलमधून तेल बाहेर ढकलते. उलटही होतं: तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. दुधाळ तेलाचं हेच नेहमीचं कारण. ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून तिचं टोक इंजिनच्या वरच्या भागात नेऊन बांधा. गाडीवर पहिलं नवं काही लावायचंच असेल तर ते हे असू दे.

चौथा : पुढचा ॲक्सल, हब आणि प्रोपेलर शाफ्ट

तुमच्या गाडीत फोर व्हील लागते का, हे खडी, वाळू किंवा चिखल अशा सैल जमिनीवर बघा. ज्या गाड्यांत मधलं डिफरन्शियल नाही त्यांत फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा वळसा घेतात. सैल जमिनीवर चाकं थोडी घसरून हा फरक मिटवतात. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर ठोकू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ उतरतो आणि लिव्हर सुटतो. वेगवेगळ्या मापाच्या टायरांनी हाच पीळ सरळ चालतानाही पडतो.

बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतात, चाक शाफ्टला जोडणारे किंवा सोडवणारे. १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी जीपसाठी असे हब बनवायला सुरुवात केली, ती साध्या रस्त्यावर पुढचे शाफ्ट विनाकारण फिरू नयेत म्हणून. हे हब वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही, आणि चिखलात हवे तेव्हा ते हलत नाहीत. वरचे छोटे बोल्ट काढा, डायल बाहेर घ्या, जुनं कडक झालेलं ग्रीस पुसून काढा, सगळे भाग धुवा आणि ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. इथे ग्रीस ठासून भरू नका. सरकणारी रिंग त्यात रुतून बसते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी चालवताना पुढून कट-कट आवाज आला तर ॲक्सलच्या टोकाचा जॉइंट झिजलाय. चाकामागच्या गोलावरून काळं पातळ रबडीसारखं काही ओघळत असेल तर आतली ॲक्सल सील गेलेली आहे आणि डिफरन्शियलचं तेल जॉइंटच्या ग्रीसमध्ये मिसळलंय. ही दुरुस्ती तुम्हाला जमेल, पण पहिल्या सहा आठवड्यांत नको. डिफरन्शियलच्या तेलाची पातळी बघत राहा आणि दोन मोकळे दिवस ठरवा.

प्रोपेलर शाफ्टचं ग्रीसिंग मात्र आजच करा. बहुतेक शाफ्टवर तीन निप्पल असतात: दोन युनिव्हर्सल जॉइंटचे, एक मधल्या सरकत्या भागाचा. निप्पल आधी पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. जॉइंटमध्ये चारही टोकांच्या सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत भरा. सरकत्या भागाला दोन-तीन दाब पुरतात. जास्त भरलं तर आत दाब साठतो आणि शाफ्टला आत सरकायला जागा राहत नाही. एखाद्या टोकाभोवती गंजाची लालसर पूड दिसली तर तो जॉइंट आतून कोरडा पडलाय, तो बदलायचाच. शाफ्ट काढावा लागला तर सोडण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा, सरकत्या भागावरही, आणि होता तसाच परत बसवा. एक दात चुकला तरी गाडी वेगात गुणगुणायला लागते.

यानंतर महिन्यातून एकदा तरी सैल जमिनीवर थोडं अंतर फोर व्हील लावून चालवा. वापराने तेल सगळीकडे पोचतं आणि सील ओल्या राहतात.

पाचवा : वायरिंग, म्हणजे मुख्यतः अर्थिंग

जुन्या गाडीचे मंद दिवे, आळसावलेला स्टार्टर, मध्येच नाचणारे काटे, या सगळ्यामागे बहुतेक वेळा अर्थिंगच निघतं. बॅटरीपासून चासीला, चासीपासून इंजिनला आणि बॉडीला जाणाऱ्या जाड पट्ट्या शोधा. काढा, दोन्ही बाजूंचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा.

मल्टीमीटरने खात्री होते. रात्रभर उभ्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवायला हवी, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास किंवा कमी हवा. ०.५ च्या वर गेला तर अर्थची पट्टी किंवा तिचा जोड खराब आहे, नवा स्टार्टर घेऊन काही होणार नाही.

बॅटरीची जी वायर बॉडीला जाते ती आधी काढा आणि शेवटी जोडा. बहुतेक गाड्यांत ती ऋण वायर असते, पण काही फार जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून बघून खात्री करा. मागच्या मालकाने ओढलेली आणि आता कशालाच न जाणारी प्रत्येक वायर काढून टाका. नव्या वायरला फ्यूज हवाच, आणि तोही बॅटरीच्या अगदी जवळ.

सहावा : गंज

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी गेली की गाडी संपत आली. त्यामुळे या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त खातो. चासीचे पोकळ भाग, बॉडी टेकते ते आधार, पाट्यांच्या टोकांचे कंस, चाकांच्या कमानींमागचे कप्पे, या जागी चिखल ओला राहतो. छोट्या हातोडीने चासी टोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर तिथे वेल्डिंगचं काम आहे, रंगाचं नाही. नुकतंच काळं जाड अंडरकोटिंग केलेली जुनी गाडी असेल तर जास्त बारकाईने टोका. गंजावर मारलेला तो थर ओल आत कोंडून ठेवतो.

चासीच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात. ती सगळी शोधा आणि तारेने मोकळी करा, मग पाइपने आतून पाणी सोडा. पहिल्यांदा एवढी माती निघते की विश्वास बसत नाही. गाडी पूर्ण वाळू द्या, शक्य तर दोन-तीन दिवस.

वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग रस्ट कन्व्हर्टर. फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडवर चालणारं हे द्रव उरलेल्या गंजाला स्थिर थरात बदलतं. पापुद्र्याखाली ते पोचत नाही, म्हणून आधी घासणं टळत नाही. त्यावर प्राइमर आणि रंग. पोकळ भागांत लांब नळीने मेणासारखा लेप फवारा. भोकं त्याने पुन्हा बुजली नाहीत ना, ते बघा.

जुन्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची म्हणून ती गंजत नाही, असं समजू नका. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे टेकतात तिथे ओल आली की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. असे जोड उघडलेत तर मध्ये रबर किंवा रंगाचा थर घालूनच बसवा.

कूलंट, बेल्ट, डिझेल

ही कामं कुठल्याही आठवड्यात बसतात. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा; एक बार दाबाच्या झाकणाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, झाकण उघडताच दाब जातो आणि ते तोंडावर उसळतं. होज पाइप दाबून बघा, लिबलिबीत किंवा कुरकुरीत असतील तर बदला. जाळीत अडकलेला चिखल आणि किडे आतून बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने काढा. डिझेल गाडीत फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी सोडा. इंधनाच्या रबरी नळ्यांना तडे असतील तर त्या आजच बदला, पुढच्या शनिवारची वाट बघू नका.

जे घरी करू नये

काही जुन्या गाड्यांचे रिम दोन तुकड्यांचे किंवा कडीचे असतात. हवा भरलेल्या टायरवर त्यांचे बोल्ट सोडले तर रिम स्फोटासारखा उडतो आणि माणूस जातो. ते काम सुरक्षा पिंजरा असलेल्या जाणकाराचं. तसंच इंधनाच्या टाकीजवळचं वेल्डिंग. चासीचं भार घेणारं वेल्डिंगही अनुभवी हातांनीच व्हावं.

गाडी उंच करणारे पाटे शेवटी ठेवा. उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, पुढच्या ॲक्सलचा कल बदलतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. मूळ उंचीवर गाडी कशी चालते ते अनुभवल्याशिवाय हा बदल बरा की वाईट, हे तुम्हाला कळणार नाही. नवे बुश घालायची वेळ आली तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, वजन पाट्यांवर आल्यावर शेवटचे आवळा. हवेत लोंबकळताना आवळलेला बुश सतत पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

दर रविवारी संध्याकाळी छोटी फेरी मारा. परत आल्यावर प्रत्येक हबवर हाताची पाठ जवळ नेऊन बघा; एकच हब इतरांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. काढलेल्या चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कने तपासा. रात्री गाडीखाली तोच पुठ्ठा अंथरा, जुन्या डागांभोवती पेनाने गोल करून, आणि सोमवारी सकाळी निघण्याआधी त्या गोलांबाहेर काही नवं आलंय का ते वाकून बघा.